अपडेट उतरले, पण लागले का?

संस्थेतील सगळ्या संगणकांवर ब्राउझर ताजा कसा ठेवायचा, याविषयी या वेळी बरीच पत्रे आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. बहुतेकांचा रोख ‘ऑटो-अपडेट चालू कसे ठेवावे’ असा आहे, पण ते बहुधा चालूच असते. घोडे अडते ते पुढच्या पायरीवर, म्हणून पहिले उत्तर लांबले आहे. पॉलिसींची, म्हणजे संस्थेने सगळ्या संगणकांवर एकदम लावायच्या सेटिंग्जची, नावे इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. पडद्यावर ती इंग्रजीत दिसतील.

प्रश्न : आमच्याकडे सुमारे तीनशे विंडोज संगणक आहेत. क्रोम आणि एज दोन्हींचे ऑटो-अपडेट चालू आहे. तरी दर ऑडिटमध्ये निम्म्या संगणकांवर जुनी आवृत्ती निघते. ऑटो-अपडेट काम करत नाही का?

उत्तर : करते, पण अर्धेच. ब्राउझर उघडा असताना अपडेट उतरले, तर चालू असलेली क्रोम.ईएक्सई फाइल विंडोज बदलू देत नाही. म्हणून इन्स्टॉलर नव्या आवृत्तीचे फोल्डर जुन्याच्या शेजारी ठेवतो आणि नवी फाइल ‘न्यू_क्रोम.ईएक्सई’ या नावाने मांडून ठेवतो. ब्राउझर पूर्ण बंद होऊन पुन्हा उघडला, की नावांची अदलाबदल होते आणि नवी आवृत्ती चालू होते. तोपर्यंत संगणकावर पॅच (त्रुटीची दुरुस्ती) आहे, पण चालू प्रोसेस, म्हणजे प्रत्यक्ष चालणारा प्रोग्राम, जुनीच आहे. हल्ला होतो तो चालू प्रोसेसवर.

प्रोग्राम फाइल्समधील गूगल, क्रोम, ॲप्लिकेशन हे फोल्डर उघडून पाहा. तिथे न्यू_क्रोम.ईएक्सई दिसली, तर त्या संगणकाचे दुखणे अपडेट नसून रीस्टार्ट आहे, हे लगेच कळते.

आता लोक ब्राउझर बंद का करत नाहीत? लॅपटॉपवाले फक्त झाकण मिटतात. संगणक झोपतो, ब्राउझर जिवंत राहतो आणि आठवडे निघून जातात. दुसरे कारण सहज लक्षात येत नाही. सगळ्या खिडक्या बंद केल्या, तरी एखाद्या एक्स्टेन्शनमुळे क्रोम पार्श्वभूमीत चालूच राहू शकतो. वापरणारा शपथेवर सांगतो, ‘मी रोज बंद करतो’, आणि तो खोटे बोलत नसतो. यासाठी ‘बॅकग्राउंड मोड एनेबल्ड’ ही पॉलिसी बंद ठेवा.

मुख्य इलाज ‘रीलाँच नोटिफिकेशन’ या पॉलिसीचा. तिचे मूल्य १ ठेवले तर ब्राउझर रीस्टार्टची फक्त विनंती करतो. २ ठेवले तर मुदत संपल्यावर स्वतः बंद होऊन पुन्हा उघडतो. सक्ती करायची तर २ हवे. मुदत ठरते ‘रीलाँच नोटिफिकेशन पीरियड’मधून, आणि ती मिलिसेकंदांत लिहायची असते. काहीच लिहिले नाही तर ७ दिवस, म्हणजे ६०४८०००००. दोन दिवसांसाठी १७२८०००००, एका दिवसासाठी ८६४०००००. इथे हमखास चूक होते. कोणी तास समजून ४८ लिहितो, कोणी सेकंद समजून १७२८००. किमान मर्यादा १ तासाची, म्हणजे ३६००००० आहे. त्याखालचा आकडा ग्राह्य धरला जात नाही आणि तुम्ही समजत राहता की दोन दिवसांची मुदत लागली.

एजमध्ये याच नावांच्या, याच मूल्यांच्या पॉलिसी आहेत, फक्त त्या मायक्रोसॉफ्ट एजच्या शाखेत लावायच्या. एकीकडे लावल्याने दुसरीकडे लागत नाहीत.

प्रश्न : सक्तीचा रीस्टार्ट लावला आणि दुसऱ्याच दिवशी तक्रारींचा पाऊस पडला. कोणाचा भरत आलेला फॉर्म गेला, कोणाचे काम अर्धवट राहिले. मुदत किती ठेवावी?

उत्तर : रीस्टार्टनंतर टॅब परत येतात, पण टॅबमधले सगळे येतेच असे नाही. अर्धा भरलेला फॉर्म परत मिळण्याची हमी नाही, चालू डाउनलोड तुटू शकते आणि इनकॉग्निटो खिडक्या तर येतच नाहीत. हे लोकांना आधी सांगितलेले नसेल, तर तक्रारी रास्त आहेत.

आमच्या मते साधारण कार्यालयासाठी २ ते ३ दिवसांची मुदत ठीक. ७ दिवस फार झाले, कारण क्रोमचे सुरक्षा-पॅच २०२३ मध्ये ११६ व्या आवृत्तीपासून दर आठवड्याला येऊ लागले. सात दिवसांची मुदत ठेवली की एक पॅच लागेपर्यंत दुसरा दारात उभा. आठवड्याचे वेळापत्रक गूगलने उगाच आणलेले नाही. क्रोम ज्यावर बांधला आहे त्या क्रोमियमचा सोर्स कोड खुला असल्याने दुरुस्ती आधी सगळ्या जगाला दिसते आणि मग वापरणाऱ्यांपर्यंत पोहोचते. मधल्या काळात ती वाचून हल्ला रचता येतो. गूगलच्याच सांगण्यानुसार हे अंतर ७७ व्या आवृत्तीआधी सरासरी ३५ दिवस होते. पंधरवड्याच्या पॅचने ते १५ दिवसांवर आले आणि आणखी कमी करण्यासाठी साप्ताहिक पॅच सुरू झाले. गूगलने घटवलेले हे अंतर लांब मुदत देऊन तुम्ही पुन्हा वाढवता.

मुदतीबरोबर ‘रीलाँच विंडो’ ही पॉलिसी लावली, तर सक्तीचा रीस्टार्ट ठरावीक वेळेतच होतो. सुरुवातीचा तास, मिनिट आणि कालावधी मिनिटांत द्यायचा. उदाहरणार्थ तास २, मिनिट ०, कालावधी २४०. मुदत दुपारी संपली तरी ब्राउझर पहाटे दोनपर्यंत थांबतो. रात्रभर चालू राहणाऱ्या संगणकांसाठी ही सोय उत्तम. रात्री संगणक बंदच होत असतील तर तिची गरज नाही, कारण सकाळी ब्राउझर उघडताना अपडेट तसेही लागते.

काउंटरवर किंवा कॉल सेंटरमध्ये बसणाऱ्यांसाठी वेगळा गट करून वेगळी वेळ द्या. सगळ्या संस्थेला एकच आकडा लावण्याचा हट्ट धरलात, तर वरिष्ठ कोणीतरी वैतागून पॉलिसीच काढायला लावतात.

प्रश्न : ग्रुप पॉलिसीतून (सगळ्या संगणकांना एका जागेवरून सेटिंग देणारी विंडोजची सोय) सेटिंग लावले, पण काही संगणकांवर त्याचा पत्ताच नाही. कुठे शोधावे?

उत्तर : आधी त्या संगणकावर ॲड्रेस बारमध्ये क्रोम://पॉलिसी उघडा (एजसाठी एज://पॉलिसी). कोणती पॉलिसी लागली, ती कुठून आली, चूक आहे का, सगळे तिथे दिसते. विंडोजवर गूगल अपडेटच्या पॉलिसींचा वेगळा भागही याच पानावर असतो. इथे न पाहता रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, उड्या मारण्यात वेळ जातो.

पान रिकामे असेल तर टेम्प्लेटकडे, म्हणजे ग्रुप पॉलिसीला सेटिंग्जची यादी पुरवणाऱ्या फाइलकडे, वळा. क्रोमच्या पॉलिसी एका टेम्प्लेटमध्ये आणि अपडेटच्या दुसऱ्या टेम्प्लेटमध्ये असतात. ‘क्रोम.एडीएमएक्स’ टाकले आणि ‘गूगलअपडेट.एडीएमएक्स’ राहिले, हे सर्रास घडते. दोन्ही फाइल डोमेनच्या (मध्यवर्ती सर्व्हरला जोडलेल्या संगणकांच्या गटाच्या) सिसव्हॉल या सामायिक फोल्डरमधील पॉलिसी-डेफिनिशन्स फोल्डरमध्ये आणि त्यांच्या भाषेच्या एडीएमएल फाइल त्याखालच्या भाषेच्या फोल्डरमध्ये हव्यात. मग कॉम्प्युटर कॉन्फिगरेशनमध्ये गूगल, गूगल अपडेट, ॲप्लिकेशन्स, गूगल क्रोम असे जाऊन ‘अपडेट पॉलिसी ओव्हरराइड’ चालू करा आणि ‘ऑलवेज अलाउ अपडेट्स’ निवडा. ‘ऑटोमॅटिक सायलेंट अपडेट्स ओन्ली’ हा पर्याय कडक वाटतो, पण त्याने वापरणाऱ्याला ‘अबाउट’ पानावरून स्वतः अपडेट मागवता येत नाही. तातडीच्या दिवशी तीच वाट उपयोगी पडते, ती बंद करू नका.

पॉलिसी दिसते पण अपडेटवर परिणाम नाही, असे असेल तर संगणक डोमेनमध्ये आहे का ते पाहा. सुट्या वर्कग्रुप संगणकावर गूगल अपडेट आणि एज अपडेट रजिस्ट्रीतील आपल्या पॉलिसी मानत नाहीत. मालवेअरने अपडेट बंद पाडू नये म्हणून ही काळजी घेतली आहे. रीलाँचची पॉलिसी मात्र ब्राउझरची असल्याने अशा संगणकावरही चालू शकते. म्हणूनच अर्धे लागले, अर्धे नाही, असे चित्र दिसते. डोमेनबाहेरचे संगणक जास्त असतील तर क्रोम एंटरप्राइझ कोअर या गूगलच्या क्लाउड सेवेत एनरोलमेंट टोकनने (नोंदणीच्या संकेताने) त्यांची नोंदणी करा. ही मूळ सेवा मोफत आहे आणि कोणत्या संगणकावर कोणती आवृत्ती, याचा अहवालही मिळतो.

क्लाउडमधून एक आणि ग्रुप पॉलिसीतून दुसरे मूल्य येत असेल, तर क्रोममध्ये नेहमीच्या क्रमाने संगणकावरची ग्रुप पॉलिसी वरचढ ठरते. हा क्रम उलटा करायचा तर त्यासाठी स्वतंत्र पॉलिसी आहे. पण दोन ठिकाणांहून एकच पॉलिसी लावू नये हे बरे.

आणि जुन्या पॉलिसी तपासा. कधीकाळी कुणीतरी ‘ऑटो-अपडेट चेक पीरियड’ शून्य करून ठेवलेला असतो, म्हणजे तपासणीच बंद. एका संगणकाच्या रजिस्ट्रीतून तो पुसला तरी ग्रुप पॉलिसीतून तो परत येऊ शकतो. मुळावर घाव ग्रुप पॉलिसीतच घालायला हवा.

प्रश्न : वापरणाऱ्याचे इंटरनेट उत्तम चालते, पण ब्राउझरचे अपडेट ‘तपासता आले नाही’ म्हणून थांबते. आमच्याकडे प्रॉक्सी (इंटरनेटची ये-जा ज्यातून होते तो मधला सर्व्हर) आहे.

उत्तर : मग संशय प्रॉक्सीवरच घ्या. सगळ्या संगणकासाठी बसवलेल्या क्रोमचे अपडेट सिस्टिम खात्याखाली चालणारी सर्व्हिस करते. वापरणाऱ्याच्या खात्यातली प्रॉक्सी सेटिंग्ज तिला दिसत नाहीत, आणि प्रॉक्सीने नाव-पासवर्ड विचारला तर द्यायला तिच्याकडे काही नसते. ब्राउझर चालतो, अपडेटर अडकतो, ते यामुळे. उपाय दोन आहेत. गूगल अपडेटच्या टेम्प्लेटमध्ये प्रॉक्सीची वेगळी सेटिंग्ज आहेत, ती भरा. आणि अपडेटच्या पत्त्यांना प्रॉक्सीवर ओळख न विचारता जाऊ द्या. अपडेट.गूगलएपीआयज.कॉम, डीएल.गूगल.कॉम आणि जीव्हीटी१.कॉमची उपनावे यांत प्रमुख आहेत.

काही प्रॉक्सी ईएक्सई (प्रोग्राम) आणि सीआरएक्स (क्रोमचे पॅकेज) फाइल सरसकट अडवतात. तपासणी यशस्वी होते, डाउनलोड मात्र फसते. प्रोग्राम फाइल्स एक्स-८६ मधील गूगल अपडेटरच्या फोल्डरमध्ये अपडेटर.लॉग ही फाइल असते, त्यात नेमकी पायरी कळते. संगणकाचा ‘वेग वाढवण्याच्या’ नादात कुणी अपडेटरच्या सर्व्हिस किंवा शेड्यूल्ड टास्क बंद केल्या असतील, तर लॉगमध्ये नवी नोंदच सापडणार नाही.

प्रश्न : एकाच वेळी सगळीकडे अपडेट सुरू झाले की लाइन तुंबते. कामाच्या वेळेत अपडेट थांबवता येईल का?

उत्तर : येईल. रोज ठरावीक वेळेत तपासणी थांबवणारी पॉलिसी गूगल अपडेटमध्ये आहे, सुरुवातीचा तास, मिनिट आणि कालावधी द्यायचा. कमाल ९६० मिनिटे. पण सकाळी नऊ ते संध्याकाळी सात बंदी घातली आणि सातला सगळे संगणक बंद झाले, तर अपडेट कधीच होणार नाही. हा फास स्वतःच्याच हाताने लावला जातो. त्यापेक्षा ‘डाउनलोड प्रेफरन्स’मध्ये ‘कॅशेबल’ लिहून कॅशिंग प्रॉक्सीचा उपयोग करा, म्हणजे फाइल बाहेरून वारंवार ओढावी लागणार नाही. एजसाठी विंडोजचे डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन शेजारच्या संगणकांकडून तुकडे घेते.

प्रश्न : आमचे अंतर्गत वेब ॲप्लिकेशन नव्या आवृत्तीत मोडते. ब्राउझर एका आवृत्तीवर गोठवून ठेवावा का?

उत्तर : गोठवता येतो. ‘टार्गेट व्हर्जन प्रीफिक्स’मध्ये १३८. असे लिहिले की क्रोम १३८ च्या मालिकेतच राहतो. आकड्यानंतरचा टिंब विसरू नका. पण त्या मालिकेची मुदत संपली की तिच्यासाठी पॅच यायचे थांबतात, आणि पॉलिसी आपली जागेवरच. ‘दोन आठवड्यांसाठी’ लावलेली अशी पॉलिसी दोन वर्षांनीही सापडते. लावतानाच काढायची तारीख आणि जबाबदार माणूस लिहून ठेवणार नसाल, तर गोठवूच नका.

बहुतेक वेळा तुम्हाला गोठवणे नको असते, चाचणीला सवड हवी असते. त्यासाठी एक्स्टेंडेड स्टेबल चॅनेल आहे. २०२१ मध्ये ९४ व्या आवृत्तीपासून क्रोमने मुख्य आवृत्ती सहाऐवजी चार आठवड्यांनी आणायला सुरुवात केली. त्याच वेळी संस्थांसाठी आठ आठवड्यांचा हा चॅनेल दिला. ‘टार्गेट चॅनेल’मध्ये ‘एक्स्टेंडेड’ लिहा. नवी वैशिष्ट्ये उशिरा येतात, महत्त्वाचे सुरक्षा-पॅच मात्र मधल्या काळातही येत राहतात. एजमध्येही हा पर्याय आहे. सोबत निवडक संगणक बीटा (चाचणीच्या आवृत्तीच्या) चॅनेलवर ठेवा. ते आयटी विभागाचे नकोत. ते मोडणारे ॲप्लिकेशन जे रोज वापरतात, त्यांचे हवेत. आयटीवाले त्या पानावर वर्षातून एकदा जातात.

आवृत्ती मागे नेण्याची सोयही आहे. ‘रोलबॅक टू टार्गेट व्हर्जन’ ही पॉलिसी टार्गेट व्हर्जनबरोबर लावायची. क्रोम मोठ्या अपडेटच्या वेळी प्रोफाइलची प्रत जपून ठेवतो आणि मागे जाताना ती वापरतो. त्यामुळे त्या अपडेटनंतर साठवलेली, सिंक न झालेली माहिती हातची जाऊ शकते. शेवटचा उपाय म्हणूनच हात लावा.

प्रश्न : ब्राउझरच्या ‘अबाउट’ पानावर नवी आवृत्ती दिसते, तरी त्रुटी शोधणारा स्कॅनर त्याच संगणकाला जुना म्हणतो. उलट प्रकारही घडतो. खरे कुणाचे?

उत्तर : दोघेही खरेच सांगतात, फक्त वेगवेगळ्या जागी बघून. रीस्टार्ट बाकी असताना क्रोम.ईएक्सई या फाइलवर जुना आकडा असतो. त्याच वेळी रजिस्ट्रीत गूगल अपडेटच्या ‘क्लायंट्स’ शाखेतील ‘पीव्ही’ या नोंदीत नवा आकडा बसलेला असतो. फाइल वाचणारे साधन ‘जुना’ म्हणते, रजिस्ट्री वाचणारे ‘नवा’. तिथेच ‘ओपीव्ही’ नावाची नोंद दिसली, तर ती अजून वापरात असलेल्या जुन्या आवृत्तीची, म्हणजे रीस्टार्ट बाकी असल्याची खूण. संगणकांची माहिती गोळा करणाऱ्या इन्व्हेंटरी साधनाला ही नोंदही घ्यायला सांगा. ‘पॅच नाही’ आणि ‘पॅच आहे, रीस्टार्ट नाही’ हे दोन गट लगेच वेगळे होतात, आणि दोघांवरचा उपाय वेगळा आहे.

अपडेट लागून गेल्यावरही स्कॅनर ओरडत असेल, तर ॲप्लिकेशन फोल्डरमध्ये मागच्या आवृत्तीचे फोल्डर शिल्लक आहे का बघा. काही स्कॅनर त्यातली डीएलएल (प्रोग्रामचा भाग असलेली फाइल) पाहून नोंद करतात. ते वापरात नसते आणि इन्स्टॉलर सहसा नंतर ते साफ करतो.

खरी डोकेदुखी वेगळीच. ॲडमिन अधिकार नसतानाही क्रोम वापरणाऱ्याच्या प्रोफाइलमध्ये, ॲपडेटा-लोकलखाली बसवता येतो. ही प्रत त्या वापरणाऱ्याच्या खात्यातून अपडेट होते, म्हणजे तो लॉगिन असेल तेव्हाच. नोकरी सोडून गेलेल्याचे प्रोफाइल संगणकावर राहिले, तर त्यातला क्रोम त्याच्या शेवटच्या दिवशी होता तसाच राहतो. सगळ्या प्रोफाइलमधून अशा प्रती शोधून काढा, सगळ्या संगणकासाठीची एमएसआय (विंडोजची इन्स्टॉलर-फाइल) प्रत बसवा आणि न वापरलेली प्रोफाइल ठरावीक दिवसांनी पुसणारी विंडोजची पॉलिसी चालू करा.

प्रश्न : टर्मिनल सर्व्हरवर (अनेकांनी एकाच वेळी दुरून वापरायचा सर्व्हर) चाळीस जण एकच क्रोम वापरतात. प्रत्येक जण रीस्टार्ट करतो, तरी आवृत्ती बदलत नाही.

उत्तर : नावांची अदलाबदल होण्यासाठी त्या सर्व्हरवर कुणाचाच क्रोम चालू असता कामा नये. एकाने बंद केला तरी एकोणचाळीस जण फाइल धरून बसलेले. तोडलेली पण लॉगऑफ न झालेली सेशनही यात मोजा. ठरावीक रात्री सगळी सेशन लॉगऑफ करून एमएसआय चालवा, मग सर्व्हर उघडा. दर लॉगिनला मूळ प्रतिमेवर (तयार करून ठेवलेल्या डिस्कच्या प्रतीवर) परतणाऱ्या व्हर्च्युअल डेस्कटॉपवर मात्र ऑटो-अपडेट बंद ठेवून प्रतिमाच ताजी करावी, नाहीतर रोज सकाळी प्रत्येक जण तेच अपडेट पुन्हा उतरवत बसतो. ऑटो-अपडेट बंद ठेवावे अशी आमच्या माहितीत हीच एक जागा.

प्रश्न : काही विभाग फायरफॉक्स वापरतात, काही संगणक लिनक्सवर आहेत. तिथे काय?

उत्तर : फायरफॉक्ससाठी ग्रुप पॉलिसीचे टेम्प्लेट आहे, किंवा इन्स्टॉल फोल्डरमध्ये ‘डिस्ट्रिब्युशन’ नावाचे फोल्डर करून त्यात पॉलिसीज.जेएसओएन ठेवता येते. ‘ॲप-ऑटो-अपडेट’ चालू ठेवा. विंडोजवर ‘बॅकग्राउंड ॲप अपडेट’ही चालू ठेवा, म्हणजे फायरफॉक्स बंद असतानाही अपडेट लागते. ही सोय ९० व्या आवृत्तीपासून आहे. जेएसओएनमध्ये एक स्वल्पविराम चुकला तरी अख्खी फाइल वाया जाते, म्हणून अबाउट:पॉलिसीज हे पान उघडून चुका पाहा. क्रोमसारखा मुदतीनंतरचा सक्तीचा रीस्टार्ट मात्र इथे मिळत नाही. तो रात्रीच्या स्क्रिप्टने किंवा संगणकच रीबूट करून साधावा लागतो. कमी बदल हवे असतील तर ईएसआर, म्हणजे दीर्घ पाठिंब्याची, शाखा घ्या. तिची मुख्य आवृत्ती साधारण वर्षाने बदलते, सुरक्षा-पॅच वरचेवर येतात. फार जुना फायरफॉक्स ठेवल्याचा फटका वेगळ्या वाटेनेही बसतो: १४ मार्च २०२५ रोजी ॲड-ऑनची सही तपासण्याचे एक मूळ प्रमाणपत्र कालबाह्य झाले आणि १२८ (ईएसआरमध्ये ११५.१३) च्या आधीच्या आवृत्त्यांतील ॲड-ऑन अडचणीत आले.

लिनक्सवर गूगल अपडेट नसतेच, क्रोम पॅकेज मॅनेजरमधून अपडेट होतो. डेबियन-उबुंटूवरचे आपोआप अपडेट मूळ व्यवस्थेत फक्त वितरणाच्या स्वतःच्या शाखा घेते, गूगलची रिपॉझिटरी (पॅकेजचा साठा) यादीत वेगळी घालावी लागते. ती राहून गेली की क्रोम सोडून बाकी सगळे ताजे. रीलाँचच्या पॉलिसी लिनक्सवरही चालतात. ईटीसी, ऑप्ट, क्रोम, पॉलिसीज, मॅनेज्ड या फोल्डरमध्ये जेएसओएन फाइल ठेवा.

प्रश्न : जुन्या ब्राउझरला आमच्या पोर्टलवर प्रवेशच नाकारला तर?

उत्तर : दट्ट्या म्हणून उत्तम, कुलूप म्हणून कुचकामी. यूजर-एजंटमध्ये, म्हणजे ब्राउझर स्वतःची ओळख सांगतो त्या मजकुरात, काहीही लिहून पाठवता येते. शिवाय क्रोमने १०१ व्या आवृत्तीपासून त्यात मुख्य आकडाच खरा ठेवला, पुढचे आकडे ०.०.० केले. म्हणजे या महिन्याचा पॅच आहे की नाही ते त्यावरून कळत नाही. पूर्ण आकडा हवा असेल तर सर्व्हरने क्लायंट हिंट्स (ब्राउझर मागितल्यावरच देतो ती माहिती) मागाव्या लागतात. नियम सैल ठेवा: चालू मुख्य आवृत्तीपेक्षा दोनने मागे असेल तर इशारा, चारने मागे असेल तर बंदी. एक्स्टेंडेड चॅनेलवरच्यांना इशाऱ्यातून वगळा. खरी अट घालायची असेल तर ती संगणकाच्या तपासणीवर बसवा. इंट्यून या मायक्रोसॉफ्टच्या संगणक-व्यवस्थापन सेवेत स्वतःची कम्प्लायन्स (नियमपालन तपासणारी) स्क्रिप्ट देता येते, तिच्यातून वर सांगितलेला ‘पीव्ही’ आणि ‘ओपीव्ही’ वाचा.

प्रश्न : हल्ल्यात वापरल्या जाणाऱ्या त्रुटीची बातमी येते तेव्हा त्या दिवशी नेमके काय करावे?

उत्तर : आधी दुरुस्त आवृत्तीचा पूर्ण आकडा, चारही भागांसह, लिहून घ्या. ‘१३४ आहे ना?’ हा प्रश्न निरुपयोगी, कारण पॅच बहुधा शेवटच्या भागात असतो. ऑटो-अपडेटवर विसंबू नका; गूगल नवी आवृत्ती टप्प्याटप्प्याने सोडते आणि तुमचे काही संगणक रांगेत मागे असू शकतात. एंटरप्राइझ एमएसआय स्वतः पुश करा. तोही चालू ब्राउझरवर बसवला तर रीस्टार्ट बाकीच राहतो, म्हणून रीलाँचची मुदत तात्पुरती ४ तासांवर, १४४००००० वर आणा. त्यासोबत लोकांना दोन ओळींचा निरोप पाठवा: कामे सेव्ह करा, ब्राउझर आज आपोआप बंद होऊन उघडेल. रीलाँच विंडो लावलेली असेल तर त्या दिवसापुरती काढा, नाहीतर चार तासांची मुदत पहाटेपर्यंत लांबेल. संध्याकाळी ‘ओपीव्ही’ शिल्लक असलेल्या संगणकांची यादी काढा आणि दुसऱ्या दिवशी मुदत पूर्ववत करा.

इतक्याने प्रकरण मिटले असे समजू नका. सप्टेंबर २०२३ मधील लिब-वेबपीची त्रुटी आठवा. क्रोमने ११ तारखेला ११६.०.५८४५.१८७ मध्ये ती बुजवली, फायरफॉक्सने १२ तारखेला. पण चित्रे उलगडणारी तीच लायब्ररी इलेक्ट्रॉन या सांगाड्यावर बांधलेल्या डेस्कटॉप ॲप्समध्येही होती. चॅट, नोंदी, कोड-एडिटर अशा ॲप्सच्या पोटात आपापला क्रोमियम असतो आणि ब्राउझरच्या कोणत्याही पॉलिसीचा त्यांना स्पर्श होत नाही. इतर ॲप्सच्या आत वेबपाने दाखवणारा मायक्रोसॉफ्टचा वेबव्ह्यू२ रनटाइमही एजपासून वेगळा अपडेट होतो. या सगळ्यांची यादी बातमी येण्याआधी तयार हवी.

प्रश्न : विंडोज ७ चे काही संगणक एका यंत्राला जोडलेले आहेत, बदलता येत नाहीत. तिथे अपडेटची पॉलिसी लावली तर काय होईल?

उत्तर : काहीच नाही. विंडोज ७ आणि ८.१ साठी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९. ११० व्या आवृत्तीपासून क्रोमला किमान विंडोज १० लागते. पॉलिसी हिरवी दिसेल, अपडेटर ‘नवे काही नाही’ म्हणेल आणि डॅशबोर्डवर तो संगणक निरोगी वाटेल. अशा संगणकांना अहवालात वेगळ्या गटात टाका, त्यांचे इंटरनेट तोडा आणि यंत्राच्या स्थानिक पानापुरताच ब्राउझर मोकळा ठेवा. मॅकवरही हेच घडते: मॅकओएस ११ वर क्रोम १३८ नंतर पुढे जात नाही. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असला, तरी २२एच२ आवृत्तीवर एज आणि वेबव्ह्यू२ ला किमान ऑक्टोबर २०२८ पर्यंत अपडेट देऊ, असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे. तिथे ब्राउझर ताजा आणि खालची सिस्टिम शिळी अशी स्थिती होईल, म्हणून दोन्हींचे रकाने अहवालात वेगळे ठेवा.